चौथ्या पत्राची शाई

३ जून २०११

मामा,

फोन करण्यात अर्थ नाही हे मला आता कळून चुकलंय. परवा मी ओरडून ओरडून सांगत होते की प्रवेश मिळाला, आणि तू विचारत होतास, कोण मेला. गोडाऊनमधली सगळी माणसं हातातली कामं सोडून माझ्याकडे बघायला लागली. म्हणून हे पत्र.

तर प्रवेश मिळालाय. बिझनेसची पदवी, दोन वर्षांची. अर्ज तुला न सांगता केला होता, कारण मिळेल असं मलाच वाटलं नव्हतं. फी, राहणं, पुस्तकं धरून अठरा लाख. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण जामीन हवा, आणि जामीनदाराच्या नावावर काहीतरी हवं. माझ्या ओळखीत नावावर काहीतरी असलेला माणूस एकच, आणि ते काहीतरी म्हणजे तुझं दहा बाय बाराचं दुकान.

सोबत कॉलेजचं माहितीपुस्तक आहे. पान सात बघ. पास झालेल्यांचा सरासरी पगार वर्षाला चौदा लाख. मला इथे औषधांची बिलं करून महिन्याला बावीस हजार मिळतात. माझ्या उजव्या हाताला बसणाऱ्या काकू सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत आहेत. खुर्चीचा आखूड पाय त्यांनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घालून सारखा केलाय. परवा प्रेमाने म्हणाल्या, मी निवृत्त झाले की ही खुर्ची तूच घे, बसायला चांगली आहे. मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

तू जन्मभर लोकांचे काटे दुरुस्त केलेस. आता हे तोलून सांग. एका पारड्यात कर्ज, दुसऱ्यात पगार. तू नाही म्हणालास तर मी जाणार नाही, आणि तोंडही वाकडं करणार नाही.

तुझी बटण


९ जून २०११

बटण,

पत्र पोचलं. कोण मेला ते अजून कळलं नाही, पण प्रवेशाचं कळलं. डावा कान गेलाच आहे, उजवा निम्म्यावर आलाय. शेजारचा चष्मेवाला म्हणतो, कानाला यंत्र लाव. त्याला म्हटलं, तुझी बडबड ऐकायला मी पैसे घालवू होय?

अठरा लाख हा आकडा आधी पेन्सिलीने लिहून पाहिला, मग पेनाने. दोन्ही वेळा तेवढाच भरला.

तुझं पान सात वाचलं. फोटोतली सगळी पोरं हसतायत. जी हसत नाहीत त्यांचे फोटो कुणी छापत नाही, एवढं मला शाळा अर्धवट सोडूनही कळतं. दुकानदार स्वतःच्या काट्याबद्दल काय सांगतो त्यावर मी आजवर भरवसा ठेवलेला नाही.

लहानपणी दुकानात बसायचीस तेव्हा मी काटा कसा तपासायचो ते आठवतं का? वजन डाव्या पारड्यात, माल उजव्या. दांडी सरळ झाली की गिऱ्हाईक म्हणायचं, झालं की. मी म्हणायचो, दम धरा, आणि पारडी बदलायचो. वजन उजवीकडे, माल डावीकडे. दांडीची एक बाजू केसभर जरी लांब असली तरी ती तेव्हा उघडी पडते. माझ्या वडिलांनी मला धड शिकवलेली ही एकच गोष्ट. बाकी नुसता मार दिला.

याचंही तसंच करू. पास झालेल्या पोरांची यादी मिळव आणि पाठव, पत्त्यांसकट. फोटोतली नकोत. यादीतले कुठलेही दहा निवडून मी पत्रं टाकतो आणि खरं काय ते विचारतो. तोवर उड्या मारू नकोस. तीन वर्षांची असताना घाईघाईत आईच्या डब्यातलं शर्टाचं बटण गिळलंस, ते निघायला दोन दिवस लागले आणि नाव जन्माचं चिकटलं.

मामा


१६ जून २०११

मामा,

यादी सोबत आहे. पदवी देतात त्या दिवशी वाटलेल्या पुस्तिकेची ही झेरॉक्स, नाव-गाव-पत्ता सगळं आहे. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंना तीनदा फोन केला तेव्हा कुठे पाठवली. एकशेवीस नावं आहेत. बँकेची शेवटची तारीख पंधरा जुलै, एवढं फक्त लक्षात ठेव.

एक लिहू का? लिहू नये असं वाटतंय, तरी लिहिते. आईला जाऊन आता दोन वर्षं होतील. ती एकदाच बोलली होती, की तिलाही बाहेर शिकायला जायचं होतं आणि तू हिशेब करून दाखवलास म्हणून ती गेली नाही. रागाने नाही बोलली. कॉलरला टीप घालता घालता सहज बोलली आणि पुढची कॉलर घेतली. तुला टोचावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. तू एकटाच आहेस ज्याला ठाऊक आहे की तिला जायचं होतं.

घरी कुठलाही फॉर्म आला की ती तळातल्या बारीक अक्षरांपर्यंत मोठ्याने वाचायची. विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा. मी किती चिडायचे तिच्यावर. आता बँकेचा फॉर्म आलाय आणि मी तो तसाच वाचतेय, मोठ्याने, एकटीच.

बटण


११ जुलै २०११

बटण,

जा.

आता हिशेब देतो, म्हणजे मामाने उगाच हो म्हटलं असं नको. दहा पत्रं टाकली, चार उत्तरं आली. एक बँकेत आहे, एक साबणाच्या कंपनीत, दोघांचं बरं चाललंय. तिसऱ्याला वडिलांचाच कारखाना आहे, तो बरा असणारच, पण अक्षर मोठं वळणदार आहे पोराचं. चौथ्या पत्रावर माझ्याच हातून चहा सांडला. शाई फुटली, एक अक्षर लागेना. मरू दे. तिघांवरून अंदाज येतो.

एका पारड्यात तुझं कर्ज, शिकत असतानाचं व्याज, आणि गोडाऊनचा दोन वर्षांचा बुडणारा पगार. हा पगार धरायला लोक विसरतात, मी धरलाय. सगळं मिळून सत्तावीस लाखांच्या आसपास जातं. दुसऱ्या पारड्यात वर्षाचे चौदा. कर कापून आणि हप्ता भरूनही तुझ्या हातात आजच्या तिप्पट उरतात. दांडी सरळ सरळ पगाराकडे झुकते आहे.

बँकेत जाऊन सही करून आलो. साहेब कानाशी येऊन ओरडला, जामीन म्हणजे काय ते माहीत आहे ना आजोबा? म्हटलं, कान गेलेत, अक्कल जागेवर आहे. मग सगळा फॉर्म वाचला, बारीक अक्षरांसकट. तासभर लागला. मागची रांग मला शिव्या घालत असणार, पण मला कुठे ऐकू येतंय.

काकूंना सांग, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.

मामा


२० नोव्हेंबर २०११

मामा,

एका खोलीत आम्ही तिघी आहोत आणि तिघींत मिळून एक काळा कोट आहे. मुलाखतीच्या तालमीला कोट लागतो, आणि स्वतःचा वेगळा कोट घेण्याची कुणाची ऐपत नाही. दोघी उंच आहेत, त्यामुळे बाह्या माझ्या बोटांवर येतात. मी आतून दुमडून कच्चा टाका घालते आणि आल्यावर उसवते. पाच मिनिटांचं काम आहे. आईची लेक शोभते.

अभ्यास जड आहे पण जमतोय. काल बसल्या बसल्या एक उद्योग केला, अठरा लाखांना तासांनी भागलं. वर्गातला एक तास मला बाराशेला पडतो. परवा सरांनी पडद्यावर चित्र दिसेना म्हणून वीस मिनिटं वायरी ओढण्यात घालवली. बाकीचे हसत होते. मी मनात म्हटलं, गेले माझे चारशे.

पण मी खूश आहे. हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते. सकाळी उठल्यावर आपण कुठेतरी निघालोय असं वाटतं. असं मला गोडाऊनमध्ये एक दिवसही वाटलं नव्हतं.

दुकान कसं चाललंय?

बटण


४ डिसेंबर २०११

बटण,

दुकान चालत नाही, बसून असतं, माझ्यासारखंच. या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आली. त्यातलं एक पत्ता विचारायला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानेसुद्धा आकडे दाखवणारा काटा घेतला. मी जाऊन पाहिला. त्याला पारडीच नाहीत, बदलणार काय? लाल आकडा येतो आणि लोक मान डोलावतात.

तू खूश आहेस हे वाक्य मी चष्मेवाल्याला वाचून दाखवलं. दोनदा. तो म्हणाला, एकदा ऐकलं, बहिरा तू आहेस.

जेवत जा.

मामा


२ जून २०१३

मामा,

नोकरी लागली. मनासारखी आहे. काचेची इमारत, सातवा मजला, गळ्यात अडकवायला फोटोचं कार्ड. माझ्या हुद्द्याचं नाव एवढं लांब आहे की कार्डावर दोन ओळी लागल्या. कामही चांगलं आहे, लोकांशी बोलायचं असतं. पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू, दर पाच तारखेला.

तुझ्या कानाच्या यंत्राचे पैसे मी पाठवणार आहे, थोडं स्थिरस्थावर होऊ दे. मग फोनवर मी हळू आवाजात बोलेन आणि तुला ऐकू येईल.

सध्या गडबडीत आहे, म्हणून एवढंच.

बटण


३० जानेवारी २०१४

बटण,

बँकेचं पत्र आलं. तुझे तीन हप्ते थकलेत. मला कळवलं कारण कागदावर मी आहे.

भरले. कसे भरले हे तू विचारशील, म्हणून आधीच सांगतो. मोठा काटा आणि वडिलांची पितळी वजनांची पेटी विकली, आणि पोस्टातली ठेव मोडली. वजनं एका हॉटेलवाल्याने घेतली, शोभेच्या कपाटात मांडायला. जाऊन बघून आलो. एक किलोच्या जागी दोन किलोचं ठेवलंय. सांगितलं त्यांना, ते हसले.

जूनच्या पत्रात तू इमारतीचे मजले लिहिलेस, पगार लिहिला नाहीस. माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. विचारायला हवं होतं, नाही विचारलं. आता विचारतो. मी रागावणार नाही, पण आकडा लिही.

मामा


६ फेब्रुवारी २०१४

मामा,

अडतीस हजार. हप्ता साडेएकोणतीस. खोलीचं भाडं सहा. राहिले अडीच हजार, त्यात महिना. डिसेंबरात दाढ दुखली तेव्हा लवंग धरून बसले. हवा होता ना आकडा? घे.

कामही सांगते. कानाला यंत्र लावून दिवसाला ऐंशी लोकांना फोन करायचे आणि म्हणायचं, तुम्हाला कर्ज मंजूर झालंय, घेताय का? हसत बोलायचं असतं. हसलेलं आवाजात कळतं म्हणतात, म्हणून समोर छोटा आरसा लावून दिलाय. पदवी नसलेली पोरं माझ्याच ओळीत बसतात, तेवढ्याच पगारावर. त्यांचे अडतीस त्यांच्या घरी जातात.

आमच्या एकशेवीस जणांत चौदा लाख मिळाले असे सहा-सात असतील. बाकीचे एकमेकांना फोनच करत नाहीत.

मामा, तू तोललं होतंस ना? दहा जणांना लिहिलंस, यादी मागवलीस, महिना घेतलास. मी तुला सांगितलं होतं की तू नाही म्हणालास तर मी जाणार नाही. पारडी बदलून पाहिली होतीस ना तू? की माझ्याच वेळी कंटाळा आला? मी तुझ्या एका शब्दावर गेले. वजनं विकून माझ्यावर उपकार करण्याऐवजी तेव्हा नीट बघितलं असतंस तर बरं झालं असतं.

बटण


१९ फेब्रुवारी २०१४

बटण,

पाकिटात चौथं पत्र आहे. त्यावर चहा सांडला नव्हता. त्या दिवशी मी चहा प्यायलोच नव्हतो.

वाच. लिहिणारी बाई हुशार आहे. तिने स्पष्ट लिहिलंय की पान सातवरची सरासरी एकशेवीस जणांची नाही, सत्तेचाळीस जणांची आहे. ज्यांना नोकरी लागली नाही, ज्यांनी लाजेने पगार कळवला नाही, ते मोजलेच नाहीत. आणि त्या सत्तेचाळिसांतले दोघं परदेशी गेले, त्यांच्या पगाराने सगळ्यांचा आकडा वर ओढला. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं, तर मधोमध जो येतो त्याला वर्षाला सहा लाखसुद्धा नाहीत. ती स्वतः सोळा लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन गाद्यांच्या दुकानात कॅशवर बसते. शेवटची ओळ अशी आहे की तुमच्या भाचीला पाठवू नका.

मी पारडी बदलून पाहिली होती. चौदाच्या जागी सहा घातले की दांडी धाडकन कर्जाकडे जायची. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. मग तो कागद फाडला आणि तुला जा म्हणून लिहिलं.

का, ते सांगतो. तुझी आई तेव्हा एकोणीसची होती. तिला शहरात राहून हिशेबनीसाचा दोन वर्षांचा कोर्स करायचा होता. वडील नुकतेच गेले होते, दुकान आणि घर माझ्या अंगावर पडलं होतं. ती म्हणाली, दादा, तू तोलून सांग. अगदी तुझ्यासारखीच म्हणाली. मी तोललं, नीट, दोन्ही बाजूंनी. फी आणि राहणं वसूल व्हायला सात वर्षं लागत होती. कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, बरोबर आहे दादा. दुसऱ्याच महिन्यात शर्टाच्या कारखान्यात कॉलरवर बसली, ती चोवीस वर्षं तिथेच बसली. तो कागद माझ्याकडे आहे. परवा काढून पुन्हा तपासला. त्यात एक चूक नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला तुझ्या जागी तीच दिसत होती. पुन्हा एकदा बरोबर हिशेब मांडून एका पोरीला खुर्चीत बसवायची माझी छाती झाली नाही. मला वाटलं, बटण हुशार आहे, सहा-सातांतली एक निघेल. जन्मभर मी कुणाच्या पारड्याला बोट लावलं नाही. लावलं ते तुझ्या.

दोष माझा आहे, सगळा. तू फक्त विश्वास ठेवलास. त्यावर तू काहीही बोललीस तरी मी ऐकून घेईन. फोनवर बोल हवं तर, मोठ्याने.

मामा


२२ जून २०१४

मामा,

चार महिने मी तुला फक्त कार्ड टाकत राहिले, हप्ता भरला, हप्ता भरला. तुला वाटलं असेल मी रागावलेय. मला तुझा राग नव्हता आला. मला लाज वाटत होती. आज सांगून टाकते, नाहीतर कधीच सांगणार नाही.

तुला यादी पाठवली त्याच्या पुढच्या रविवारनंतरचा रविवार. त्या यादीत मी राहत होते त्या गावचा एकच पत्ता होता. मी गेले तिथे. तीच बाई, गाद्यांच्या दुकानातली. तिने मला एका गादीवर बसवलं, प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं, हललं की कुरकुर वाजायचं. तासभर बोलली. सत्तेचाळीस जण, परदेशी गेलेले दोघं, मधला माणूस, सगळं. म्हणाली, एका मामांचं पत्र आलंय, तुमचेच का ते? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग त्यांनाही सगळं लिहिलंय, चार पानं, बॉलपेनने, बोटं दुखली माझी.

घरी येताना मी ठरवलं, जायचं नाही. मग मला काकूंची खुर्ची आठवली. मग वाटलं, मामाला कळलंच आहे, तोच नाही म्हणेल, मला ठरवायलाच नको.

आणि तुझं पत्र आलं. जा. चौथ्यावर चहा सांडला, शाई फुटली. मामा, बॉलपेनची शाई चहाने फुटत नाही. मला वाचताक्षणी कळलं की तू ते पत्र वाचलंयस आणि लपवतोयस. का लपवतोयस ते कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मला वाटलं, सुटले. आता मला कुणी अडवणार नाही, आणि उद्या काही बिघडलं तर जा म्हणणारी मी नव्हते. मी तुझ्या दुकानाच्या जिवावर गेले, सगळं माहीत असून गेले.

आणि फेब्रुवारीत मी तुला विचारलं, पारडी बदलून पाहिली होतीस ना. तेही माहीत असून विचारलं. तू दोष सगळा तुझा म्हणून लिहिलंस, तो तुझा नाही. निदान सगळा नाही. मला माफ कर.

बटण


१ जुलै २०१४

बटण,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा सकाळी, एकदा दुपारी, पारडी बदलून म्हण हवं तर. आणि मला हसू आलं.

अगं, खोटं बोलायला शहाणपण लागतं. गाद्यांचं दुकान, चार पानं, सत्तेचाळीस जण, हे सगळं त्या पत्रातच आहे, आणि ते पत्र मीच तुला फेब्रुवारीत पाठवलं. बॉलपेन तर डोळ्यांना दिसतंय. तेवढ्यावरून कुणीही गोष्ट रचेल. प्लॅस्टिकची कुरकुर मात्र छान घातलीस.

तू सात वर्षांची होतीस तेव्हा माझ्या हातून पाच किलोचं वजन सुटून चष्मेवाल्याची काच फुटली होती. तो तणतणत आला तर तू पुढे होऊन म्हणालीस, मी फोडली, चेंडू लागला. हातात चेंडू नव्हता, घरातही नव्हता. तीच आहेस तू अजून. मामाला दोष लागला की मध्ये उभी राहतेस. त्या वेळी चष्मेवाल्याने विश्वास ठेवला होता, मी ठेवणार नाही.

पण खरं सांगतो, फेब्रुवारीपासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुझी कार्डं यायची, त्यावर नुसता हप्ता. वाटायचं, बहीण गमावली तशी ही पण गेली. तुझं हे पत्र आलं आणि काल चार दिवसांचं जेवलो. माझ्यासाठी इतकं मोठं खोटं रचणारं कुणीतरी आहे, मग मला अजून काय पाहिजे?

आता दुसरी गोष्ट, ओरडू नकोस. बँकेला विचारून दुकान चष्मेवाल्याला विकलं. मधली भिंत पाडून तो मोठं करणार आहे. सहा लाख आले, ते तुझ्या कर्जात भरले. हप्ता एकवीस हजारांवर येईल असं साहेब म्हणाला, मी लिहून घेतलंय. मी भंगाराच्या आवारात ट्रकच्या काट्यावर लागलो. ट्रक येतो, लाल आकडा येतो, मी वहीत लिहितो. कान लागतच नाहीत. बसायला खुर्ची आहे, बरी आहे.

दाढ दाखव डॉक्टरला.

मामा


७ जुलै २०१४

(न टाकलेलं)

मामा,

मी रचलेलं नाही. एक अक्षरही नाही. तुला पुरावा हवा असेल तर माझ्याकडे आहे. गादीवालीने त्या दिवशी तुझं पत्र मला परत दिलं होतं, तू तिला लिहिलेलं, निळ्या शाईतलं, दुकानाचा शिक्का मारलेलं. ते तीन वर्षं माझ्या बॅगेच्या तळाशी आहे. तू त्यात लिहिलंयस, माझ्या भाचीला आई नाही, तिला सांगायला मीच आहे, तेव्हा वाईट असेल तेही लिहा, मी तिच्यापासून काही लपवणार नाही.

हे तुझ्या हातचं पत्र सोबत पाठवते, म्हणजे तुझा विश्वास बसेल. मग दोष दोघांत वाटून होईल. दुकान गेलं ते तुझ्या बोटाने गेलं नाही, माझ्या गप्प बसण्याने गेलं, हे तुला कळायलाच हवं.

तू हे पाकीट त्या ट्रकच्या काट्यापाशी उघडशील. खुर्चीत बसून वाचशील. आधी स्वतःचं अक्षर ओळखशील, मग


९ जुलै २०१४

मामा,

बरोबर ओळखलंस. गोष्ट मीच रचली होती. तुझ्यापुढे माझं खोटं टिकत नाही, चेंडूच्या वेळीही टिकलं नव्हतं.

दुकानाबद्दल मी ओरडत नाही. ओरडून तुला कुठे ऐकू येणार आहे?

दाढ काढली. पाच तारखेचा हप्ता भरला. एकशेसात राहिले. जेवणाची वेळ चुकवू नकोस.

तुझी बटण